मदत हवी आहे: मोबाइलवरचे व्हिडिओ डीव्हीडीवर घेताना आवाज मागे पडतो

आईबाबांचा डीव्हीडी प्लेअर जुना आहे, पेनड्राइव्हची सोय नाही. त्यांच्यासाठी घरच्या समारंभाचे व्हिडिओ डिस्कवर द्यायचे आहेत. सगळ्या फाइल्स एमपी४, १०८०पी, मोबाइलवर घेतलेल्या, मिळून २ तास ४० मिनिटं.

आधी वेड्यासारख्या फाइल्स तशाच डिस्कवर बर्न केल्या. प्लेअरने अर्थातच तोंड फिरवलं. मग कळलं की त्याला एमपीईजी-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार) आणि व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं. डीव्हीडीस्टायलर या डिस्क बनवायच्या सॉफ्टवेअरने पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम), ७२० बाय ५७६ असं निवडून डिस्क केली. मेनूसुद्धा झकास आला! पण काही क्लिप्समध्ये आवाज हळूहळू मागे पडत जातो. शेवटी शेवटी ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. संगणकावर मूळ फाइल मात्र ठीक चालते.

मला संशय आहे मोबाइलच्या बदलत्या फ्रेम रेटचा (सेकंदाला किती चित्रं, तो आकडा). आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (कायम एकच) फ्रेम रेट करून घेतलं तर सुटेल का? की थेट कमांडवर चालणारं एफएफएमपेगच बरं? कमांड लिहायला हरकत नाही, फक्त नेमकी कोणती ते सांगा.

दुसरं, मूळ क्लिप्स ३० फ्रेमच्या आहेत. पालच्या २५ वर आणल्या की हालचाल अडखळते. एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत, सेकंदाला सुमारे ३० फ्रेम) ठेवू का?

आणि ४.७ जीबीत हे सगळं कोंबायचं तर आवाज धरून बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ३.९ एमबीपीएसच्या आसपासच येतो. चित्र फार फुटेल का? की सरळ दोन डिस्क कराव्यात? ड्युअल लेअर (दोन थरांची, जास्त मावणारी) डिस्क हा प्लेअर वाचेल याचा भरवसा वाटत नाही.

सॉफ्टवेअर फुकटचंच सुचवा, चित्रावर शिक्का उमटवणारं नको.