प्रेमकथा सुरू झाली की बांध मागे पडतो, काय करावं?

खाजणवाट
एक फँटसी कादंबरी लिहितेय. तिच्यात जग वाचवायचं नाही, युद्ध नाही. खाडीकाठचं काल्पनिक गाव, खारजमीन आणि समुद्राचं पाणी अडवणारा मातीचा बांध. जादू एवढीच, की बांधावर उभं राहून कुणी खोटं बोललं तर तिथे बीळ पडतं, खेकडा पाडतो तसं. पावसाआधी बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) नीट झाली नाही, तर उधाणाला खांड, म्हणजे भगदाड, पडणार आणि आठ घरांच्या शेतात खारं पाणी शिरणार.

मथुरा बांधाची देखभाल करते. उघाडीला नवी झडप बसवायला वरच्या गावाहून रघू सुतार येतो, आणि दोघांचं जमतं. वाचायला दिलं तर एक मैत्रीण म्हणाली, मधल्या सहा प्रकरणांत बांध गेला कुठे? दुसरीने दोघांचं जमल्यावर पुस्तक खाली ठेवलं, पुढे काय होणार याची ओढच उरली नाही म्हणे. मग एक प्रकरण बांधाचं, एक प्रेमाचं असं करून पाहिलं. सगळं कृत्रिम झालं. प्रेम कमी करू की धोका वाढवू? शेवटी परक्या राजाचं आरमार आणावं असंही मनात येतंय.

शिलोत्री
आरमार नको! खारं पाणी शिरलं की त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं भात धड होत नाही. एका घराच्या कणगीच्या हिशोबाने हे दाखवलंत तर वाचकाला तेवढी धास्ती पुरते. जहाजं आली की आठ घरं विसरली जातील, आणि मला या कादंबरीत तीच घरं आवडली आहेत.

तुम्ही इथे टाकलेलं सातवं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. रघू विचारतो, "मी गेलो की सुटलीस ना एकदाची?" मथुरा म्हणते, "हो, माझी कामं तरी उरकतील." दोघं उभे कुठे आहेत? बांधावर. ती खोटं बोलतेय हे प्रत्येक वाचकाला कळतंय. मग बीळ का पडत नाही?

तुमची अडचण मला तरी इथेच दिसते. बांध आणि प्रेम यांना किती पानं द्यायची हा प्रश्नच नाही. बांधाचा नियम तुम्ही फक्त गावातल्या भांडणांना लावलात आणि या दोघांना त्यातून सूट दिलीत. ती सूट काढा. तिच्या टाचेजवळची ओली माती खचू दे, पाणी बुडबुडत वर येऊ दे. रघूने ते पाहावं, एक अक्षर बोलू नये आणि चिखलाची पाटी आणायला वळावं. ती गुडघ्यावर बसून हाताने बीळ बुजवतेय, आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलंय. बांध कमकुवत झाला आणि प्रेम पुढे सरकलं, एकाच प्रसंगात.

जमल्यानंतरचं कथानकही याच नियमात आहे. काम संपल्यावर रघू बांधावर उभा राहून म्हणतो, "दिवाळीनंतर परत येईन." तेव्हा बीळ पडत नाही, कारण बोलताना तो खराच आहे. पण वरच्या गावी त्याचं मन बदललं तर? उधाणाच्या रात्री मथुरा कंदील घेऊन नेमकी त्याच जागेवर जाईल की नाही? मी तरी यासाठी पानं उलटत जाईन.

मीठभाकर
शिलोत्रींशी बव्हंशी सहमत, पण प्रत्येक भावनेला बीळ पाडू नका. तिसऱ्या बिळाला वाचक सरावतो. होडी, पडवी, विहीर अशा जागा नियमाबाहेर ठेवा, तिथे माणसांना खोटं बोलायची मुभा असू दे. मथुरा अवघड बोलणं मुद्दाम होडीत काढायला लागली तर तेच केवढं बोलकं होईल. आणि ती दोघं मासळी साफ करतात ते प्रकरण कुणी काहीही म्हणो, कापू नका. त्यात काहीच घडत नाही, म्हणूनच ते मला हवंय.

ही प्रेमकादंबरी आहे की फँटसी, हे मात्र आधी ठरवा. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्येत दोनच गोष्टी मागितल्या आहेत: केंद्रस्थानी प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट. तुम्ही तसं सांगून पुस्तक दिलंत तर रघू परत यायलाच हवा. फँटसी म्हणून दिलंत तर तो नाही आला तरी चालेल, पण बांधाचा निकाल लागला पाहिजे. ट्रॅव्हिस बॅल्ड्री यांच्या 'लेजंड्स अँड लाटेज'मध्ये (2022) एक ऑर्क (फँटसीतली राक्षसासारखी जमात) योद्धी तलवार ठेवून कॉफीचं दुकान काढते. तिचं मन जिच्यावर जडतं ती त्याच दुकानात कामाला असते, त्यामुळे दुकान उभं राहताना नातंही वाढतं. तुमच्याकडे उघाडीची झडप आहे की! ती दोघांनी मिळून बसवायची, नुसती रघूने नाही.

खाजणवाट
सातव्या प्रकरणातली सूट मला दिसलीच नव्हती. आज रात्रीच बसते. रघू परत येणार, हेही ठरलं. आरमार रद्द. आता एकच विचारते: झडप बसवायला ओहोटीच लागणार, मग ही दोघं रोज एकाच वेळी कामावर कशी येतील?

शिलोत्री
येणारच नाहीत, आणि याचा तुम्हाला फायदाच आहे. मुंबई-अलिबागकडचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे उधाणाच्या उलट दिवसांत, भरती तोकडी असते, तेव्हा मुख्य काम त्या दिवसांत ठेवा. ओहोटी दुपारी बाराला आणि रात्री बाराला. दुपारी अख्खं गाव मदतीला येईल. रात्रीच्या पाळीला कोण कोण येतं ते तुम्ही ठरवा.