प्रतिसाद: मधमाशी मरत नाही, वाट विसरते

'कामकरी मधमाशी उन्हाळ्यात जेमतेम सहा आठवडे जगते, तिच्या मेंदूची काळजी कशाला?' हा कीटकनाशकांवरच्या चर्चेतला मुद्दा मला अजिबात पटला नाही.

तिचं म्हातारपण दिवसांपेक्षा कामाने ठरतं. पहिले दोन-तीन आठवडे ती पोळ्यातच राबते, अळ्यांना भरवते. मग बाहेरची धावपळ सुरू होते आणि दोनेक आठवडे उडून झाले की शिकणं मंदावतं. हे तपासतात कसं, तर माशीला बारीक नळीत मानेपर्यंत अडकवायचं, एक वास द्यायचा आणि लगेच मिशीला साखरपाण्याचा थेंब टेकवायचा. तल्लख माशी दोन-तीन वेळांतच नुसत्या वासावर सोंड बाहेर काढते. थकलेल्यांपैकी अनेकींना ते जमत नाही. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की अशा माश्यांना पुन्हा अळ्या सांभाळाव्या लागल्या, तर काहींची शिकण्याची ताकद परत येते!

आता पिकांवर फवारायच्या औषधांचं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं नेमकी चेतापेशींवरच काम करतात. टाचणीच्या डोक्याएवढा मेंदू, त्यात सुमारे 10 लाख चेतापेशी, आणि सूर्य, खुणा, घराची वाट सगळं त्यातच. फ्रान्समधल्या 2012च्या प्रयोगात थायामेथोक्झामचा न मारणारा डोस दिलेल्या बऱ्याच माश्या पोळ्याकडे परतल्याच नाहीत. म्हणून मधमाश्यांच्या पेटीसमोरच्या मेलेल्या माश्या मोजून नुकसान कळत नाही. शिवाय फवारलेल्या फुलांवर जाणाऱ्या असतात त्या याच, वयाने आधीच थकलेल्या. त्या हरवल्या की कोवळ्या माश्यांना वेळेआधीच बाहेर पडावं लागतं.