कूलरपासून गिझरपर्यंत: सोलापूरच्या घरातली वीज (अनुभव धागा)

होळी झाली की सोलापुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात. मृगाच्या तोंडावर पत्र्यांवर ताडपत्री चढते. दिवाळीनंतर गिझर आणि हिटरची बटणं दाबली जातात. विजेचा धोका ऋतूप्रमाणे घरातली जागा बदलतो. कूलर-मोटार दुरुस्ती, अर्थिंग, वायरिंग, लाईन अशी कामं करणाऱ्यांनी इथे लिहावं: काय तपासायचं, किती मापाचं वापरायचं, कुठे आणि का बिघडतं. किस्से नकोत, रोजच्या कामातून पक्कं झालेलं सांगा.

कूलर दुरुस्ती, अशोक चौक

लोखंडी बॉडीच्या कूलरमध्ये पाणी, पत्रा आणि मोटार एकाच पेटीत असतात. माणूस त्याला शिवतो ते ओल्या फरशीवर, अनवाणी. म्हणून खाली काढल्या काढल्या पाणी भरू नका, आधी कोरडाच तपासा.

पिन सॉकेटबाहेर ठेवून मल्टिमीटर बीपवर लावा. थ्री पिन टॉपची जाड पिन आणि कूलरची बॉडी यांच्यात बीप आलाच पाहिजे. आला नाही तर आतली हिरवी वायर तुटलीय किंवा रंगावरच आवळलीय. रंग खरवडून, उघड्या लोखंडावर दातेरी वॉशर घालून ती बसवा. मग कूलरची सगळी बटणं चालू करा (पिन अजून बाहेरच), मीटर ओहमच्या मोठ्यात मोठ्या रेंजवर घ्या आणि बाकीच्या दोन पिना एकेक करून बॉडीशी तपासा. ‘ओएल’ (म्हणजे दोघांत जोडच नाही) दिसलं तर ठीक. आकडा दिसला तर वाइंडिंग (मोटारीतलं तारेचं गुंडाळं) किंवा पंप बॉडीला लागलाय, तो कूलर लावू नका.

बहुतेक वेळा दोषी पंपच असतो. बोअरच्या पाण्याचा क्षार त्याच्या जाळीवर बसतो, पंप जाम होऊन तापतो, आतलं राळेचं भरण तडकतं आणि पाणी वाइंडिंगपर्यंत पोचतं. टाकी कोरडी पडून पंप चालत राहिला तरी हेच होतं. पंपाची वायर पत्र्याच्या ज्या भोकातून बाहेर येते तिथे रबरी बुश हवाच, नाहीतर पत्र्याची धार थरथरून इन्सुलेशन कापते. जोड पाण्याच्या पातळीच्या वर, कधीही टाकीत नाही. मेन केबल तीन पदरी, 0.75 चौरस मिमीची पुरते. टू पिन टॉप लावलेला कूलर म्हणजे अर्थच (गळका करंट जमिनीत नेणारी जोडणी) नसलेला कूलर.

पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढा. जुन्या बोर्डांत बटण कित्येकदा न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) लावलेलं सापडतं. बटण बंद, पंखा थांबलेला, आणि फेज (करंट आणणारी तार) मात्र आत जिवंतच.

अर्थिंगची कामं, होटगी रस्ता

थ्री पिन टॉपमधली जाड पिन शेवटी जमिनीत कुठे जाते, हे पाहायला हवं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते. एप्रिल-मे मध्ये मात्र तिला भेगा पडतात, ती पाइपपासून सुटते आणि रेझिस्टन्स कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे कूलर चालायच्या दिवसांतच अर्थ सगळ्यात कमजोर.

पाइप अर्थिंगसाठी 40 मिमी व्यासाचा, भोकं पाडलेला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप किमान अडीच मीटर खोल हवा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं. मुरूम किंवा खडक लागला की तीन फुटांवर पाइप कापून सिमेंट लावून टाकायची सवय फार वाईट आहे. खाली जाता येत नसेल तर आडवा चर खणून जीआय पट्टी टाका किंवा ओल धरणारं बेंटोनाइट (एक चिकणमाती) भरा. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी नरसाळ्यातून सोडायचं. आणि खड्ड्यावर फरशी बसवू नका, झाकण हवं.

आता लोकांना पटत नाही ते. ‘फेज आणि अर्थवर बल्ब लावला, लख्ख पेटला, अर्थिंग चांगलं आहे’ ही तपासणी फसवी आहे. 100 वॅटच्या बल्बचा स्वतःचा रेझिस्टन्स पेटल्यावर 500 ओहमच्या वर असतो. अर्थ 40 ओहमचा, म्हणजे रद्दी असला तरी बल्बच्या उजेडात डोळ्यांना फरक कळत नाही. अर्थ टेस्टरनं मोजून घ्या, तेही मे महिन्यात. घराला 5 ओहमच्या आत असावा असं मी धरतो.

घरगुती वायरिंग, जुळे सोलापूर

अर्थिंगवाल्यांचं बरोबर, पण त्यांच्या 5 ओहमवरही विसंबू नका. हिशोब करा. कूलरच्या बॉडीला फेज लागला, तर 230 भागिले 5 म्हणजे जास्तीत जास्त 46 अँपिअर करंट अर्थमधून जाईल. 16 अँपिअरची सी टाइप एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारं बटण) तत्काळ पडायला त्याच्या 5 ते 10 पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात. 46 वर ती तापून, काही सेकंद घेऊन पडेल. अर्थ 40 ओहमचा असेल तर करंट सहाच्या आत, आणि एमसीबी पडणारच नाही. बॉडी जिवंत राहील. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही.

माणसासाठी आरसीसीबी: 40 अँपिअर, दोन पोल, 30 मिलिअँपिअर. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला नाही की ती पडते. 100 आणि 300 मिलिअँपिअरच्याही मिळतात, त्या घराच्या मेनला नकोत, आगीपासून बचावासाठी असतात. खरेदी करताना तिच्यावर छापलेला मिलिअँपिअरचा आकडा वाचून घ्या. ओव्हरलोडला आरसीसीबी पडत नाही, म्हणून एमसीबी बरोबर हवीच. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आला तर तीही वाचवत नाही.

तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर बदला.

इन्व्हर्टर बसवल्यावर आरसीसीबी सारखी पडते ही तक्रार नेहमीची. कारण बहुधा एकच: इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. यावर आरसीसीबीला बायपास करून देणारे कारागीर आहेत, त्यांना घरात घेऊ नका. न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस लागतो, इतकंच. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केला तरी बोर्डात वीज असते, हेही घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

मोटार रिवाइंडिंग, साखर पेठ

पाणी काही दिवसांआड येतं, कधी रात्री-अपरात्री, आणि आलं की गल्लीभर मोटारी सुरू. नळाला थेट मोटार लावणं बेकायदा आहे, पण हौदातून टाकीत चढवायला तरी मोटार लागतेच. सगळ्या एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज 180 पर्यंत खाली येतं, मोटार फिरत नाही, नुसती घूं घूं करते. तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं आणि बॉडीला करंट येतो. दोन-तीन सेकंदांत फिरली नाही की बंद करा.

अर्धा एचपीला 1.5 चौरस मिमीची तीन पदरी केबल, अर्थ मोटारीच्या बोल्टला, मोटार जमिनीपासून वीतभर उंच ओट्यावर, बटण कोरड्या जागी दाराच्या आत. चालू मोटारीत वरून पाणी ओतून प्रायमिंग (पंपातली हवा काढणं) करू नका.

यंत्रमागाची वायरिंग, अक्कलकोट रस्ता

खाली माग, वर घर अशी रचना असेल तर बोर्डावर साचलेला कापसाचा तूस आठवड्याला काढा, मेन बंद करून, सुक्या ब्रशनं. हवा मारली तर तो आतच जाऊन बसतो. ढिल्या स्क्रूपाशी पडलेली एक ठिणगी त्याला पुरते. घराचा फेज मागाच्या बोर्डातून घेऊ नका.

लाईनचं काम, निवृत्त

वळवाच्या वाऱ्यात घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि शेजारचे मंद झाले तर समजा न्यूट्रल तुटलाय. 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. फ्रिज, टीव्ही वाचवत बसू नका, आधी मेन पाडा.

पत्र्याच्या घरांसाठी मात्र कळकळीनं सांगतो. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासते, इन्सुलेशन जातं, आणि पाऊस पडला की अख्खं छप्पर जिवंत होतं. ही वायर मीटरच्या आधीची. त्यामुळे घरातली आरसीसीबी इथे पडत नाही आणि मेन पाडूनही उपयोग नाही. मे संपायच्या आत खाली उभं राहून, नुसत्या नजरेनं बघा: वायर आधाराच्या तारेला रीळांवर बांधलेली आहे का, पत्र्यापासून सुटी आहे का, आत शिरते तिथे पीव्हीसी पाइपाचं तोंड खाली वळलेलं आहे का. घासत असेल तर 1912 वर तक्रार करा. स्वतः चढून टेप गुंडाळू नका.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी घ्या. पत्रा, खांब किंवा खांबाचा ताण (खांबाला आधार देणारी तिरपी तार) यांना तर काहीच बांधू नका, शेळीसुद्धा. तार तुटून चिखलात पडली असेल तर जवळ जाऊ नका. जवळ असाल तर पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता सरकत लांब व्हा.

घरात कुणी चिकटलं तर हात लावायचा नाही. आधी मेन. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं सोडवा. श्वास नसेल तर 108 लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. ही लाकडाची युक्ती घरातल्या विजेपुरती. हाय टेन्शनच्या तारेला ती लावू नका.

गिझर दुरुस्ती, विजापूर रस्ता

2000 वॅटचा गिझर 8.7 अँपिअर घेतो: 16 अँपिअरचं सॉकेट, 2.5 चौरस मिमीची वायर. 3000 वॅटच्या इन्स्टंटला 13 लागतात, त्याला 4 ची घाला. टॉपची पिन तपकिरी पडली असेल तर आतला स्क्रू ढिला आहे. सॉकेटही बदला, नुसता टॉप बदलून महिनाभरात पुन्हा तेच.

बोअरच्या पाण्यानं कॉइलवर क्षाराचं कवच चढतं, कॉइल आतून जास्त तापते, नळी तडकते, पाण्यात करंट उतरतो. थंडी सुरू व्हायच्या आधी कॉइल काढून साफ करा, मॅग्नेशिअमचा रॉड (टाकी गंजू नये म्हणून असतो तो) झिजला असेल तर तोही बदला. थर्मोस्टॅट 75 ऐवजी 60 अंशांवर ठेवला की क्षार कमी बसतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून गरम होताना थेंब पडतात, ते पडू द्या. तिथे बूच मारलेली टाकी फुटू शकते.

हिटर रॉड 1500 वॅटचा असेल तर 6.5 अँपिअर घेतो, म्हणजे 6 अँपिअरच्या सॉकेटला तो चालत नाही. बादली प्लास्टिकची, पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत. आधी रॉड पाण्यात, मग पिन, शेवटी बटण. काढताना उलट. पाणी किती तापलं हे बघायला बोट घालायचं ते पिन हातात आल्यावरच.