निवृत्तीनंतर दोघांनी मिळून करता येईल असा स्वस्त छंद सुचवा (नाशिक)

सुमेधा_ना:
यजमान ६२ वर्षांचे, मी ६०. दोघंही आता घरीच. फिरायला जातो, वाचन आहे, भिशी आहे. पण आठवडाभर धागा चालू राहील आणि शिकायलाही मिळेल असं काही हवंय. अटी: एकरकमी खर्च पाच-सहा हजार, मग महिन्याला पाचशेच्या आत. यजमानांचे गुडघे दुखतात, त्यामुळे डोंगर चढणं बाद. दोघांनाही जाड चश्मा आहे. कृपया 'योगा करा, नातवंडं सांभाळा' नको. प्रत्यक्ष सुरुवात कशी करायची, काय घ्यायचं, काय टाळायचं हे सांगितलंत तर बरं होईल.

खंड्या:
पक्षीनिरीक्षण. तुमच्या सगळ्या अटींत बसतं आणि नाशिककरांना नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य घराजवळ आहे.

पहिला महिना एक पैसाही खर्च करू नका. घरापासून दहा मिनिटांवरची एकच जागा ठरवा: नदीकाठ, बाग, मोकळा प्लॉट, काहीही. आठवड्यातून तीन वेळा सकाळी साडेसहा ते आठ तिथेच जायचं. रोज नवी जागा धरली की रोज सुरुवात पहिल्यापासून होते. एकाच जागी गेलात की पंधरा दिवसांत नेहमीचे वीस-पंचवीस पक्षी पाठ होतात आणि नवा आला की लगेच कळतो.

गुडघ्यांसाठी चालण्यापेक्षा बसण्याची पद्धत उत्तम. घडीचं स्टूल घ्या आणि फळं लागलेला उंबर, वड किंवा पिंपळ शोधा. सकाळी सूर्य पाठीशी येईल असे, म्हणजे झाडाच्या पूर्वेला बसा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. पाऊण तास हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, तिथेच बहुतेक लोक उठतात. मग तांबट येतो, बुलबुल, कोकीळ, आणि नशीब असेल तर हरोळ्यांचा थवा. हरोळी पानांच्याच रंगाची, त्यामुळे पक्षी शोधू नका, हलणारी फांदी शोधा. फेब्रुवारीत हेच काम सावर, पळस आणि पांगारा करतात.

पक्षी दिसला की आधी वही, मग पुस्तक किंवा अ‍ॅप. आकार चिमणी, साळुंकी, कावळा यांच्या तुलनेत लिहा. मग चोच जाड की बारीक, शेपूट लांब की तोकडी, शेपूट हलवतो का, जमिनीवर आहे की शेंड्यावर. रंग शेवटी, कारण उन्हात रंग फसवतो. आधी चित्र पाहिलंत तर मन चित्रातलाच पक्षी 'पाहिला' म्हणून सांगतं.

पक्षी ओळखायला 'मर्लिन' हे अ‍ॅप फुकट आहे. भारताचा संच घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, मग रानात नेट लागत नाही. आवाजावरून ते नाव सुचवतं, पण ती निव्वळ सूचना. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय नोंद करू नका. भृंगराज आणि पर्णपक्षी इतरांच्या नकला करतात, तिथे अ‍ॅप हमखास गंडतं. रोजची यादी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा: सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, प्रत्येक पक्ष्याची संख्या. संख्या नक्की नसली तरी अंदाज द्या. तुमच्या गल्लीतली यादी संशोधकांच्या कामी येते, आणि फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षीगणनेत फक्त पंधरा मिनिटं मोजली तरी चालतात.

एक आगाऊ सल्ला: पहिल्या वर्षी वटवट्यांच्या नादी लागू नका. सगळे मातकट, सगळे सारखे. 'वटवट्या, कोणतातरी' असं लिहून पुढे जावं.

अ_निफाडकर:
नांदूर मधमेश्वरबद्दल थोडं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, निफाड तालुका. २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोसम. चापडगावच्या बाजूने आत गेलात की निरीक्षण मनोरे आहेत. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या एवढे ओळखता आले तरी पहिली फेरी वसूल. रविवारी जाऊ नका, गर्दीने पक्षी आत सरकतात. सकाळी साडेसातच्या आत पोचा. नंतर पाण्यावरून येणारी चमक आणि उष्णतेने थरथरणारी हवा दोन्ही त्रास देतात.

खर्चाचं म्हणाल तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे ताईंचा प्रवास आजच निम्म्यात. काकांना ६५ पूर्ण झाल्यावर निम्मं आणि ७५ नंतर पूर्ण मोफत. वयाचा सरकारी पुरावा सोबत ठेवा. एसटी मनोऱ्याच्या दारात सोडत नाही, त्यामुळे शेवटच्या टप्प्यासाठी आणखी एखादं जोडपं बरोबर घेऊन रिक्षा वाटून घेतलेली परवडते.

बोरू:
पक्षी छानच, पण पावसाळ्यात आणि मे महिन्यात दुपारी काय? घरात बसून करायचं असेल तर मोडी लिपी. खर्च बोरू किंवा २ मिमीची चपट्या निबची टाक, शाईची बाटली आणि रेघांची वही, एवढाच.

लिहिणं दोन-तीन आठवड्यांत येतं. आधी संपूर्ण ओळीवर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं टांगत, हात शक्य तितका न उचलता पुढे जायचं. देवनागरीसारखं एकेक अक्षर सुटं काढून वर रेघ मारलीत तर मोडी कधीच वळणावर येत नाही. रोज पाच अक्षरं आणि त्यांची बाराखडी. 'र' सगळ्यात छळतो, जोडीच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, त्यासाठी वेगळं पान ठेवा. मग रोज वर्तमानपत्रातले चार मथळे मोडीत उतरवा.

खरी मजा आणि खरी खोच वाचण्यात आहे. मोडीत शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणून अनोळखी कागद पहिल्या अक्षरापासून लावत बसू नका. आधी ठरीव मजकूर शोधा. पत्राची सुरुवात 'राजश्री … गोसावी यांसी' अशी, मध्ये 'विनंती उपरी', शेवटी 'जाणिजे' किंवा 'मोर्तब सूद'. हे शब्द काय आहेत हे ठाऊक असल्यामुळे त्या लेखकाचा 'ज', 'न', 'त' कसा वळतो ते उलट दिशेने कळतं, आणि त्याच किल्ल्यांनी बाकीचं पत्र उघडतं. क्रम असा ठेवा: आधी एकोणिसाव्या शतकातली खरेदीखतं, मग पेशवेकालीन, शिवकालीन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उत्साहाने शिवकालीन पत्र घेऊन बसतात आणि आठवड्यात वही कपाटात जाते.

कागदावरचं साल वाचता आलं की गंमत वाढते. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे २ + ७० + १०० + १०००, सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) ११७२. सुहूर वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे इथे १७७१-७२. रकमेत '५।।' दिसलं तर साडेपाच रुपये: एक उभी रेघ चार आण्यांची, दोन आठ आण्यांच्या, तीन बारा आण्यांच्या.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळींत जुनी पानं मोडीत आहेत, आपल्या घराण्याची नोंद स्वतः वाचता येणं हे वेगळंच सुख. वही हातात मिळाली तर फ्लॅश न वापरता, खिडकीच्या तिरक्या उजेडात फोटो घ्या. दाबलेल्या शाईच्या खुणा तिरक्या उजेडातच उठतात. घरात जुने कागद असतील तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. पट्टीचा गोंद पिवळा पडून कागद खातो आणि लॅमिनेशन परत सोडवता येत नाही.

शिकायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय यांचे वर्ग असतात, तारखा विचारून घ्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे किती कमी उरलेत ते सगळ्यांनाच कळलं. मात्र कोर्टकचेरीच्या कागदाचं लिप्यंतर हौसेखातर कुणाला करून देऊ नका, ते जाणकाराच्या सहीशिक्क्याचं काम आहे.

सुमेधा_ना:
सगळ्यांचे आभार! यजमान पक्ष्यांवर आणि मी मोडीवर, असा तह झालाय. महिनाभर थांबून दुर्बीण घेऊच. पण बायफोकल चश्म्यातून दुर्बीण जमते का? दुकानदार २०×५० घ्या म्हणतो, 'जास्त लांबचं दिसेल'. आणि पावसाळ्यात बुरशी लागते म्हणतात, त्याचं काय?

रोहिणी_नक्षत्र:
२०×५० अजिबात नको. वीस पटीत हातातली थरथरही वीस पट होते, पक्षी चौकटीत ठरतच नाही. ८×४० किंवा ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा: ४२ ÷ ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. साठीनंतर बाहुली अंधारातही साधारण पाच मिलिमीटरच उघडते, म्हणून ७×५० चे सात मिलिमीटर वाया जातात आणि वजन मात्र मानेवर येतं. लाल काचेच्या आणि झूमवाल्या दुर्बिणी दुकानातच सोडा.

बायफोकलमधून बघू नका, खालचा वाचायचा भाग मध्ये येतो. नुसत्या लांबच्या नंबरचा चश्मा वापरा. डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली दुमडायच्या किंवा फिरवून आत घ्यायच्या. डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते माप १६ मिमीच्या वर असलेली दुर्बीण मागा, नाहीतर चश्म्यातून फक्त मधलं गोल दिसतं. नंबर साधा प्लस किंवा मायनस असेल तर चश्मा काढूनही चालतं, फोकस भरून काढतो. तिरका (सिलिंड्रिकल) नंबर असेल तर चश्मा हवाच.

घेण्याआधी दुकानाबाहेर येऊन लांबची विजेची तार बघा. मिनिटभरात दोन तारा दिसू लागल्या किंवा डोळे ओढल्यासारखे झाले तर नळ्या समांतर नाहीत, तो नग परत करा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की भिंगात दिसणारं पांढरं वर्तुळ पूर्ण गोल हवं. कडा चौकोनी दिसल्या तर आतले लोलक हलक्या दर्जाचे.

दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असतो म्हणून हे एकदा जुळवून घ्या: उजव्या भिंगावर झाकण, डावा डोळा उघडा, मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करा. मग डाव्यावर झाकण आणि उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा, चाकाला हात न लावता. कडीची खूण वहीत लिहून ठेवा. दोघं एकच दुर्बीण वापरणार असाल तर दोन खुणा. 'मला नीट दिसत नाही' हे बहुतेक भांडण या कडीमुळे असतं.

बुरशीसाठी: बाहेरून आल्यावर पंख्याखाली तासभर वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह. रंग बदलणारं जेल घ्या, निळ्याचं गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर निळं होईपर्यंत गरम करा (ती कढई स्वयंपाकाला परत वापरू नका). चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन् महिने ठेवली की बुरशी लागलीच समजा. भिंगावरची धूळ पदराने पुसू नका, चरे पडतात. आधी रबरी फुग्याने उडवा, मग मऊ कापड.

आणि हीच दुर्बीण अमावास्येच्या आसपास रात्री गच्चीवर न्या. आरामखुर्चीत मागे रेलून, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवून. डिसेंबर-जानेवारीत कृत्तिकेचा पुंजका, मृगातला धूसर तेजोमेघ, फेब्रुवारी-मार्चमध्ये पुष्याजवळचा तारकागुच्छ सहज दिसतो. गुरू आकाशात असेल तर त्याचे चार उपग्रहही, पण दुर्बीण कठड्यावर टेकवून. शनीची कडी आठ पटीत दिसत नाही, तो हट्ट धरू नका. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर बांधा आणि मोबाइल खाली ठेवा, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो.

खंड्या:
वरच्या माहितीत एक भर. गच्चीवर दाणे टाकू नका, कबुतरं कब्जा करतात आणि त्यांची विष्ठा फुप्फुसांना वाईट. त्याऐवजी मातीची पसरट परात, पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, काठ खरखरीत हवा म्हणजे पाय घसरत नाहीत. रोज पाणी बदला आणि दर दोन दिवसांनी ब्रशने घासा, नाहीतर शेवाळ आणि डासांच्या अळ्या. सुरुवातीला साळुंकी आणि बुलबुल येतील, एप्रिलमध्ये गर्दी वाढेल.