शाळेतला शब्दकोश आणि सापडत नसलेली अक्कल

अर्धविराम:
आमच्या वर्गात एकच मराठी शब्दकोश होता. जाडजूड, कापडी बांधणीचा, पुठ्ठ्यासकट पुढची काही पानं गळलेली. तो सुरूच व्हायचा मुळी 'अधांतरी' या शब्दापासून. अंत, अक्कल, अडचण, अतिथी ही मंडळी आमच्यापुरती नव्हतीच. बाई "अक्कल आहे का?" म्हणाल्या की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "बाई, आपल्या कोशात नाही!"

शब्दार्थ लिहायचे असले की कोश बाकाबाकांवरून फिरायचा. माझ्यापर्यंत येईतो निम्म्या वर्गाचं लिहून झालेलं असे. शेजारणीचं बघून लिहिता आलं असतं, पण मला पानं स्वतः उलटायची असायची. 'निबर' शोधायला निघायचं आणि वाटेत निखारा, निगरगट्ट, निपचित भेटायचे. वेळ संपायची, निबर राहून जायचा.

आणि ते 'न.'! शब्दापुढे पु., स्त्री., न. असं छापलेलं असतं ना? पु. आणि स्त्री. कळायचं. न. म्हणजे मी 'नाही' समजत होते. घर न., झाड न., पुस्तक न. हातात पुस्तक आहे आणि तेच पुस्तक सांगतंय, पुस्तक नाही. नपुंसकलिंग शिकेपर्यंत, म्हणजे चांगली दोन वर्षं, मी हे कुणाला विचारलं नाही.

तुमच्या हातात आलेल्या कोशाचं असं काही आठवतं का? मोठा किस्सा नको, पानाचा दुमडलेला कोपराही चालेल.

टाकबोरू:
'न.' वाचून मोठ्याने हसलो. माझं घोडं 'ज्ञ'पाशी अडलं होतं. मुळाक्षरांच्या तक्त्यात ज्ञ सगळ्यात शेवटी, म्हणून 'ज्ञान' शोधायला थेट शेवटचं पान उघडलं. तिथे 'ह'वरच कोश आटोपलेला. सर म्हणाले, "फोड करून बघ." आपण बोलतो तशी फोड केली, द-न-य, आणि 'द'ची पानं चाळत बसलो. तिथेही नाही. शेवटी सरांनी फळ्यावर ज् + ञ लिहिलं. 'ज'मध्ये, पार शेवटाकडे, ज्ञान सापडलं. क्षमा 'क'मध्ये असते हेही त्याच दिवशी कळलं, कारण पुढचा शब्द तोच होता.

पाठकोरा कागद:
आमचा कोश टेबलावर उभा धरून सोडला की दर वेळी त्याच दोन-तीन ठिकाणी उघडायचा. कुठले शब्द असतील ते ओळखा. ग्रंथपाल बाईंनी ओळखले होते. काही बोलल्या नाहीत, पण कोश त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात गेला आणि मागताना शब्द सांगावा लागायला लागला.

जुनी आवृत्ती:
टाकबोरू, 'ज्ञ'ची ही जागा फार जुनी आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही तो 'ज'मध्येच. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची, सुमारे ४०,००० शब्दांची. १८५७च्या दुसरीत ते ६०,०००च्या घरात गेले. आमच्या शाळेत त्याची पुनर्मुद्रित प्रत होती. शब्द मराठी, अर्थ इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी यथातथाच. म्हणून एका कोपराखाली मोल्सवर्थ, दुसऱ्याखाली इंग्रजी-मराठी कोश. मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ काढायचा, मग त्या इंग्रजी शब्दाचा मराठी. बरेचदा निघालो होतो त्याच शब्दावर परत यायचो. तोच अर्थ म्हणून वहीत लिहिला की शेरा मिळायचा, 'पुन्हा लिही'.

बाकी अर्धविराम, अक्कल पुढे सापडली की नाही?

अर्धविराम:
सापडली! नववीत नवा कोश आला, पहिल्या पानापासून सगळा. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग त्याच्यावर वाकलेला आणि सगळ्यांना एकच शब्द हवा होता. शब्द अरबीतून आलाय, असं लिहिलं होतं. खाली अक्कलदाढ, अक्कलहुशारी असा बराच गोतावळा. पण आम्हा मुलींचं लक्ष गेलं शब्दाला चिकटून छापलेल्या खुणेकडे. अक्कल, स्त्री.

मागचा बाक दोन दिवस गप्प होता.