व्यावसायिक पाणबुड्याचे शिक्षण: संस्था कशी पारखावी?

खानापूरकर:
नमस्कार. मी आयटीआय वेल्डर असून चार वर्षे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम करतो. पाण्याखालचे वेल्डिंग शिकून तेलक्षेत्रात जावे, असा विचार आहे. एक संस्था सहा आठवड्यांत 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' देऊ म्हणते आणि निम्मी फी आगाऊ मागते. शेताचा तुकडा गहाण ठेवल्याशिवाय ती रक्कम उभी राहणार नाही. तारकर्लीला केलेल्या स्कूबा कोर्सचा काही उपयोग होईल का, हेही सांगावे.

निपाणीचा पाणबुड्या:
प्रमाणपत्रावर नाव कोणाचे असेल, हे आधी लेखी विचारा. इम्का ही समुद्रातली कामे करणाऱ्या कंत्राटदारांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. ती पाणबुड्याला स्वतः प्रमाणपत्र देत नाही, तर ब्रिटनचे एचएसई, ऑस्ट्रेलियाचे एडास, कॅनडाचे डीसीबीसी अशा ज्या संस्थांची प्रमाणपत्रे तिला मान्य आहेत त्यांची यादी प्रसिद्ध करते, आणि तेलक्षेत्रात भरतीच्या वेळी तीच यादी पाहिली जाते. त्यातही 'सरफेस सप्लाय'ची, म्हणजे वरून नळीने हवा घेऊन केलेल्या डुबकीची, मर्यादा 50 मीटर आहे. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पाणी सुमारे 75 मीटर खोल असल्याने तळाचे काम सॅच्युरेशनवाल्यांचे, म्हणजे दिवसेंदिवस दाबाखालच्या कक्षात राहून काम करणाऱ्यांचे. तिथवर पोहोचायला काही वर्षे हवेवरच्या, म्हणजे सरफेस सप्लायच्या, डुबक्यांत काढावी लागतात.

स्कूबाने पाण्याची भीती जाते, एवढेच. कामावर हवा पाठीवरच्या टाकीतून नव्हे, तर वरून अम्बिलिकलमधून, म्हणजे हवेच्या नळीच्या जुडग्यातून, येते.

आमच्या तुकडीत अठरा जण होते आणि चालू हेल्मेट दोनच. दिवसभर धक्क्यावर उभे राहून दुसऱ्याचा अम्बिलिकल सोडायचा आणि ओढायचा. माझ्या लॉगबुकात, म्हणजे डुबक्यांच्या नोंदवहीत, तळावरची मिनिटे इतकी थोडी भरली की पहिल्या मुलाखतीत ते पान उलटून बाजूला ठेवले गेले. म्हणून फीच्या आधी तळावरच्या मिनिटांची चौकशी करा, शक्य तर मागच्या तुकडीतल्या कोणाचे लॉगबुक पाहा. आणि वेल्डिंगची फार आस धरू नका. शिंपले खरवडणे आणि पाइपांच्या जोडांचे (फ्लँजचे) बोल्ट आवळणे यातच बहुतेक दिवस जातो.

हुक्केरीकर:
समुद्राइतकेच धरणांचेही काम असते, म्हणून थोडी भर घालतो. आमच्या भागातल्या हिडकल धरणाचा जलाशय समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंच आहे, आणि डिकम्प्रेशनची, म्हणजे वर येताना कुठे किती थांबायचे याची, कोष्टके समुद्रसपाटी धरून केलेली असल्याने इथे ती तशीच वापरता येत नाहीत. दुसरे असे की गेटच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पोकळी असली, तर लहानशा फटीतला ओढही माणसाला तिथेच खिळवून ठेवतो. या दोन गोष्टी प्रत्यक्ष शिकवतात का, ते विचारा. उत्तर देणारा गडबडला, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

गहाणखताच्या आधी पाणबुड्यांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन या. कानाच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यावरून अपात्र ठरवले जाऊ शकते, आणि भरलेली फी सहसा परत मिळत नाही.

खानापूरकर:
दोघांचेही आभार. प्रमाणपत्र कोणाचे, असे आज फोनवर विचारले, तर "प्रवेश झाल्यावर कळवू" असे उत्तर मिळाले. लहानपणी माझा डावा कान वाहत असे, तेव्हा पहिल्यांदा तपासणी करून घेतो.