चर्चा: प्रोसेसनिहाय नेटवर्क /प्रोक मधून दाखवणं, सोय की दिशाभूल?

रात्रपाळी
हल्ली नव्या पोरांना सरसकट शिकवतात, "/प्रोक/नेट जुनाट आहे, हात लावू नका." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा. (/प्रोक म्हणजे कर्नलने, लिनक्सच्या गाभ्याने, चालू प्रोसेसची माहिती फाइलींसारखी मांडलेली जागा; त्यातलं नेट हे नेटवर्कचं.)

लिनक्स २.६.२५ च्या आधी /प्रोक/नेट ही अख्ख्या मशीनची एकच डिरेक्टरी होती. मग नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कचे वेगळे कप्पे, आल्या. एकाच कर्नलवर वेगळे इंटरफेस, वेगळी राउटिंग टेबलं, वेगळे पोर्ट. "मशीनचं नेटवर्क" असं काही उरलंच नाही, आणि /प्रोक/नेट ही सेल्फ/नेट कडे (सेल्फ म्हणजे वाचणारी प्रोसेस स्वतः) नेणारी सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा, झाली. जो वाचेल त्याला त्याचं नेटवर्क दिसेल, आणि दुसऱ्याचं हवं असेल तर त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घालून /प्रोक/<पीआयडी>/नेट. याहून सरळ रचना मला सुचत नाही.

रात्री दोन वाजता कंटेनर (डॉकरसारख्याने स्वतंत्र नेमस्पेसमध्ये चालवलेला प्रोग्रॅम) लटकतो. आत शेल नाही, एसएस (उघडी कनेक्शनं दाखवणारी कमांड) नाही, आयपी कमांड नाही. "आयपी नेटएनएस लिस्ट" मारलं तर रिकामं, कारण ती कमांड फक्त /व्हार/रन/नेटएनएस मध्ये बघते आणि डॉकर तिथे काही ठेवत नाही. अशा वेळी होस्टवरून त्या पीआयडीच्या नेट/डेव्ह (इंटरफेस) आणि नेट/रूट (राउटिंग) वर कॅट मारायचं, म्हणजे फाइल नुसती छापायची, संपला विषय. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

बिट_बाय_बिट
असहमत. नेट/डेव्ह ठीक आहे हो, पण लोक नेट/टीसीपी (टीसीपी कनेक्शनांची यादी) वर स्क्रिप्टा लिहितात त्याचं काय? १२७.०.०.१:८०८० हा पत्ता तिथे ०१००००७एफ:१एफ९० असा दिसतो. आयपीचे बाइट उलटे, पोर्टचे सुलटे. आणि एक पोर्ट शोधायला सगळं टेबल मजकुरात उतरवून घ्यायचं? लाखभर कनेक्शनं असलेल्या प्रॉक्सीवर हे दर पाच सेकंदांनी करून बघा. नेटलिंकच्या (कर्नलशी थेट बोलायची वाट) सॉक-डायगला, म्हणजे सॉकेटांची (कनेक्शनच्या टोकांची) चौकशी करायच्या सोयीला, फिल्टर देता येतो, गाळणी कर्नलमध्येच होते. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातच लिहिलंय की टीसीपी-डायग (त्याच सोयीचा टीसीपीचा भाग) वापरा, ही फाइल मागे पडलेली आहे. मग पोरांना काय चुकीचं शिकवलं?

रात्रपाळी
@बिट_बाय_बिट, तुमच्या एसएसला "-पी" (प्रोसेसही दाखव) देऊन एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं) लावा. नेटलिंक सॉकेटचा आयनोड (ओळख क्रमांक) देतं, प्रोसेस कोणती ते सांगत नाही. ते शोधायला एसएस गुपचूप /प्रोक/<पीआयडी>/एफडी (उघड्या फाइली-सॉकेटांची यादी) चाळत बसतं. दुसऱ्या नेमस्पेसमध्ये शिरवणाऱ्या एनएसएंटरला "-टी" ने पीआयडी दिला की तेही /प्रोक/<पीआयडी>/एनएस/नेट उघडतं. नेमस्पेस दाखवणारं एलएसएनएस /प्रोक फिरूनच यादी बनवतं. शिव्या /प्रोकला, आणि जेवण त्याच्याच घरी!

कर्नलकाका
दोघंही फाइलीचा फॉरमॅट आणि वेग यावर भांडताय. दुखणं वेगळंच आहे. नेमस्पेस ही मुळात प्रोसेसची नसते, तिच्या आत स्वतंत्र चालणाऱ्या थ्रेडची असते. एखाद्या थ्रेडने अनशेअर (नवी नेमस्पेस घेणं) किंवा सेटएनएस (असलेल्या नेमस्पेसमध्ये शिरणं) केलं की तो एकटाच दुसऱ्या नेमस्पेसमध्ये जातो. पण /प्रोक/नेट सेल्फवरून जातं, म्हणजे त्याला मुख्य थ्रेडचंच नेटवर्क दिसणार. म्हणून २०१४ मध्ये, ३.१७ च्या वेळी, थ्रेड-सेल्फ (वाचणारा थ्रेड स्वतः) आलं आणि /प्रोक/नेट तिकडे वळवलंही होतं. तो वळवण्याचा बदल लिनसने (लिनक्सचा कर्ता) मागे घेतला. कारण? काही अ‍ॅपआर्मर प्रोफाइलांमध्ये (प्रोग्रॅमांवरच्या बंधनांच्या याद्या) डीएचक्लायंटला (आयपी पत्ता मिळवणारा प्रोग्रॅम) थ्रेडखालच्या फाइली वाचायची परवानगी नव्हती. सिमलिंक कुठे नेते हाही एकदा करार होऊन बसला की बदलता येत नाही.

त्याहून मोठी गोम सॉकेटची. सॉकेट ज्या नेमस्पेसमध्ये जन्मलं तिथेच राहतं. प्रोसेसने सॉकेट उघडलं, मग सेटएनएस करून दुसरीकडे गेली, तर एफडी मध्ये सॉकेट दिसेल पण तिच्या नेट/टीसीपी मध्ये त्याचा आयनोड सापडणार नाही. ही गंमत नव्हे, काही व्हीपीएन आणि कंटेनर रनटाइम मुद्दाम असंच करतात. रात्रपाळी, तुमचं रात्री दोनचं कॅट तेव्हा खोटं बोलत नाही, पण भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

सुरक्षारक्षक
काकांना +१. आणखी एक: प्रोसेसच नसलेली नेमस्पेस. बाइंड माउंटने (तिची फाइल दुसऱ्या जागी जोडून ठेवल्याने) किंवा नुसत्या उघड्या फाइल डिस्क्रिप्टरनेही ती जिवंत राहते. तुम्ही /प्रोक मधल्या सगळ्या पीआयडींचं नेट पालथं घातलंत तरी हाती येणार नाही. ऑडिटसाठी हा मोठा खड्डा आहे. ओपनबीएसडीने ५.७ मध्ये प्रोकएफएस (त्यांचं /प्रोक) काढूनच टाकलं, त्यांचं काही अडलं नाही.

बिट_बाय_बिट
त्यात /सिस/क्लास/नेट ची (/प्रोकसारखीच दुसरी जागा, इंटरफेसची यादी देणारी) भर घाला. ते वाचणाऱ्यावर नाही, माउंट कुठल्या नेमस्पेसमधून झालं त्यावर ठरतं. नुसतं नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरलात तर /प्रोक/नेट नवं आणि /सिस जुनं. म्हणून तर "आयपी नेटएनएस एक्झेक" /सिस पुन्हा माउंट करतं. एकाच टर्मिनलवर दोन उत्तरं, आणि म्हणे सरळ रचना.

रात्रपाळी
/सिस चा गोंधळ /सिस चा, त्याचं बिल /प्रोकवर फाडू नका. ओपनबीएसडीत लिनक्ससारख्या नेमस्पेस नाहीतच, ते उदाहरण इथे लागू होत नाही. थ्रेडचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण काका, त्याचं उत्तरही /प्रोकमध्येच आहे ना? टास्क/<टीआयडी>/नेट. पीआयडीवर न थांबता थ्रेड फिरायचे.

कर्नलकाका
फिरा की. पण गो भाषेतला प्रोग्रॅम असेल आणि लिहिणाऱ्याने थ्रेड लॉक केला नसेल, तर गोरूटीन (गोमधलं एक हलकं काम) एका थ्रेडवर सेटएनएस करून पुढच्या क्षणी दुसऱ्याच थ्रेडवर चालत असते. तुम्हाला टीआयडी दिसेल, त्यावर कुठलं काम चालू होतं ते नाही. सॉकेटची नेमस्पेस सॉकेटलाच विचारायची सोय कर्नलमध्ये आहे, एसआयओसीजीएसकेएनएस नावाचं आयऑक्टल (कर्नलला केलेली खास विनंती). फक्त ते सॉकेट आधी तुमच्या हातात असावं लागतं, आणि नेमस्पेस उघडून घ्यायला तिथे नेट-अ‍ॅडमिनचा हक्कही (नेटवर्क हाताळायचा अधिकार).

रात्रपाळी
आणि रात्री दोनला दुसऱ्याच्या प्रोसेसचं सॉकेट हातात कुठून आणू? मी आपला आधी कॅटच मारणार.